(व्हॉइड) लावूनही न जाणारी वॉर्निंग: ‘इग्नोरिंग रिटर्न व्हॅल्यू’चं काय करायचं

लक्षण ओळखीचं आहे. उबंटूवर सी मधला प्रोजेक्ट -ओ२ (ऑप्टिमायझेशनची दुसरी पातळी) लावून बिल्ड केला की जीसीसी हा कंपायलर सांगतो, ‘इग्नोरिंग रिटर्न व्हॅल्यू ऑफ राइट, डिक्लेअर्ड विथ अ‍ॅट्रिब्यूट वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट’. म्हणजे, राइट या फंक्शनने परत दिलेली व्हॅल्यू तुम्ही वापरलीच नाही. राइटच्या जागी कधी रीड असतं, कधी एफगेट्स, स्कॅनएफ, फ्रीओपन, सिस्टिम, सीएचडिर नाहीतर एफट्रंकेट. ती ओळ उघडून बघावी तर तिथे फार काही नसतं, स्टडएररवर (एररच्या मेसेजसाठीच्या आउटपुटवर) एक मेसेज लिहिलेला असतो, बस. मग आपण कॉलच्या आधी (व्हॉइड) लावतो, म्हणजे ही व्हॅल्यू मला नको आहे असं स्पष्ट सांगतो, आणि पुन्हा बिल्ड करतो. वॉर्निंग जागच्या जागी. सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेत) वॉर्निंगला एरर मानणारा -डब्ल्यूएरर असेल तर बिल्डच फेल.

हा प्रश्न दर काही महिन्यांनी नव्याने समोर येतो. डिस्ट्रो अपग्रेड झाली की येतो, सीआयची इमेज बदलली की येतो, मॅकवर काम करणाऱ्या कुणी लिनक्सवर बिल्ड केला की येतो. म्हणून कारणासकट सगळं एकदा लिहून ठेवतो.

एका मशीनवर येते, दुसऱ्यावर नाही, असं का?

या वॉर्निंगमागे दोन प्रोजेक्ट आहेत. वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट हे अ‍ॅट्रिब्यूट जीसीसीचं, २००४ सालच्या ३.४ आवृत्तीत आलेलं. पण राइट किंवा स्कॅनएफ या फंक्शनांवर ते चिकटवलंय जीलिबसीने, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीने, आपल्या हेडरमध्ये. तिथे ते थेट लिहिलेलं नाही, ‘__डब्ल्यूयूआर’ नावाच्या एका छोट्या मॅक्रोमधून येतं. आणि हा मॅक्रो रिकामा ठरतो, जोवर _फॉर्टिफाय_सोर्स (बफरच्या मापाची जादा तपासणी लावणारा पर्याय) चालू नसतं.

_फॉर्टिफाय_सोर्सला ऑप्टिमायझेशन लागतं. त्यामुळे -ओ० वर केलेला डिबग बिल्ड शांत असतो आणि तोच कोड -ओ२ वर बोलायला लागतो. उबंटूचा जीसीसी ८.१० आवृत्तीपासून ऑप्टिमायझेशन असलं की फॉर्टिफाय स्वतःहून चालू करतो (२४.०४ पासून तर थेट तिसऱ्या पातळीवर). डेबियनचा जीसीसी आपणहून तसं करत नाही, पण डेबियनचं पॅकेज बांधताना जे फ्लॅग येतात त्यांत ते असतं. म्हणून हाताने मेक केलं तर काही नाही आणि पॅकेज बांधायला घेतलं की वॉर्निंगांची रांग. अल्पाइन लिनक्सवर जीलिबसीऐवजी मस्ल ही सी लायब्ररी असते, तिच्या हेडरमध्ये हे अ‍ॅट्रिब्यूटच नाही, त्यामुळे तिथे राइट, स्कॅनएफ यांच्यावर ही वॉर्निंग सहसा दिसत नाही.

-डब्ल्यूऑल (नेहमीच्या वॉर्निंगांचा गट) काढून टाकला तरी वॉर्निंग जात नाही, कारण ती त्या गटात नाहीच. ती मुळातच चालू असते.

तुमच्या कंपायलरने फॉर्टिफाय आपणहून लावलंय का हे बघायचं असेल तर रिकाम्या इनपुटवर जीसीसी -ओ२ -डीएम -ई चालवा. आधीपासून डिफाइन असलेले सगळे मॅक्रो तो छापतो. त्यात फॉर्टिफाय शोधा. -ओ२ विसरू नका, नाहीतर दिसणार नाही.

इथे एक शॉर्टकट अनेकांना मोहात पाडतो: -यू_फॉर्टिफाय_सोर्स देऊन ते बंदच करून टाकायचं. वॉर्निंग लगेच जाते. पण त्याबरोबर मेमकॉपी, स्ट्रकॉपी, एसप्रिंटएफ यांच्यावर चालणारी बफरच्या मापाची तपासणीही जाते. बफर ओव्हरफ्लो झाल्यावर प्रोग्रॅम जागीच थांबवणारं संरक्षण केवळ बिल्डचा आउटपुट स्वच्छ दिसावा म्हणून काढून टाकणं कुठल्याही प्रोजेक्टला परवडणारं नाही. हा उपाय कुठे लिहिलेला दिसला तर उचलू नका.

(व्हॉइड) का चालत नाही

क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर चालतं. जीसीसीवर चालत नाही, आणि ते चुकून राहिलेलं नाही. जीसीसीच्या बगझिलावर २००५ मध्येच याची तक्रार नोंदवली गेली (२५५०९ क्रमांकाचा बग), २०१५ मध्ये पुन्हा (६६४२५), आणि दोन्हीकडे भरपूर वाद झाला. जीसीसीची बाजू समजून घेण्यासारखी आहे. त्यांच्या मॅन्युअलमध्ये हे अ‍ॅट्रिब्यूट अशा फंक्शनांसाठी सांगितलंय, जिथे व्हॅल्यू न बघणं हा सुरक्षेचा प्रश्न असतो किंवा हमखास बग असतो. उदाहरण दिलंय मेमरीच्या ब्लॉकचा आकार बदलणाऱ्या रीअ‍ॅलॉकचं. रीअ‍ॅलॉकने परत दिलेला पॉइंटर टाकून दिला तर पुढचा कोड बरोबर असूच शकत नाही. अशा ठिकाणी (व्हॉइड) लिहून सुटका मिळू नये, हा त्यांचा आग्रह.

अडचण अशी की जीलिबसीने तेच अ‍ॅट्रिब्यूट राइटवर, सिस्टिमवर आणि नाइसवरही लावलं. राइटची व्हॅल्यू न बघणं बहुतेक वेळा चूक असतं, पण नेहमी नाही. ‘हमखास बग’ आणि ‘बहुधा बग’ यांना एकच शिक्का लागला, आणि त्या शिक्क्यातून बाहेर पडायचा अधिकृत रस्ता ठेवलाच नाही. माझ्या मते रीअ‍ॅलॉक आणि सेटयूआयडीच्या बाबतीत जीसीसीचा हट्ट अगदी योग्य आहे, राइटच्या बाबतीत नाही. पण हेडर हा फरक करत नाही, त्यामुळे तो आपल्यालाच प्रत्येक ओळीवर करावा लागतो. खरं काम तेच आहे. वॉर्निंग घालवायची युक्ती हा त्यातला अगदी छोटा भाग.

आधी ओळ वाचा

वॉर्निंग आलेल्या प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: हा कॉल फसला तर पुढच्या ओळीला काय वाटेल?

सेटयूआयडी घ्या. रूट म्हणून सुरू झालेली सर्व्हिस आपले अधिकार सोडायला सेटयूआयडी करते. तो कॉल फसला आणि आपण बघितलं नाही, तर पुढचा सगळा कोड आपण साधा युजर आहोत असं धरून चालतो आणि प्रत्यक्षात रूटच राहतो. हे कल्पनेतलं नाही. २०१० मध्ये अँड्रॉइडवर ‘रेज अगेन्स्ट द केज’ नावाचा एक्स्प्लॉइट याच फटीतून आला. फोनवरचा एडीबी डेमन (डिबगिंगसाठी मागे चालणारा प्रोग्रॅम) रूट म्हणून सुरू व्हायचा आणि मग सेटयूआयडीने खाली उतरायचा. एक्स्प्लॉइटने त्या युजरच्या प्रोसेसची मर्यादा आधीच भरून टाकली. मग सेटयूआयडीला ई-अगेन (‘आत्ता जमत नाही, पुन्हा प्रयत्न करा’ हा एरर) मिळालं, डेमनने रिटर्न व्हॅल्यू बघितली नाही, आणि हातात रूट शेल आला. लिनक्स कर्नल ३.१ पासून सेटयूआयडी त्या विशिष्ट कारणाने फसत नाही, पण मॅन पेज आजही स्पष्ट सांगतं की रूट असतानाही हा कॉल फसू शकतो आणि तपासणी गाळणं ही सुरक्षेतली गंभीर चूक आहे. इथे एकच उत्तर: फसलं की प्रोग्रॅम बंद करा.

सीएचडिर आणि सीएचरूट याच जातीचे. डिरेक्टरी बदलली असं समजून पुढची ओळ सापेक्ष पाथवरच्या फायली पुसत असेल, तर सीएचडिर फसल्यावर पुसल्या जाणाऱ्या फायली भलत्याच असतात.

राइटवर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त वॉर्निंग त्याच्याच असतात आणि सगळ्यात जास्त चुकीच्या दुरुस्त्याही. राइट तीन प्रकारे वागतो: सगळे बाइट लिहितो, किंवा उणे एक देऊन एररनो (एररचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) भरतो, किंवा थोडेच बाइट लिहून तेवढा आकडा परत देतो. हा तिसरा प्रकार लोक विसरतात. सॉकेट, पाइप, भरत आलेली डिस्क, मध्येच आलेला सिग्नल, या सगळ्यांत तो भेटतो. अगदी साध्या फाइलवरसुद्धा लिनक्स एका राइटमध्ये २,१४,७४,७९,५५२ बाइटपेक्षा जास्त लिहीत नाही. कितीही मोठा बफर द्या, परत येणारा आकडा तिथे थांबतो. म्हणून डेटा महत्त्वाचा असेल तर नुसती ‘एरर आला का’ एवढी तपासणी पुरत नाही, लूप लागतो. उरलेले बाइट शून्य होईपर्यंत राइट करायचं. उणे एक आलं आणि एररनो ईइंटर (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटला) असेल तर पुन्हा प्रयत्न करायचा, दुसरं काही असेल तर एरर वर पाठवायचा. थोडेच लिहिले गेले तर पॉइंटर तेवढा पुढे सरकवून उरलेला आकडा कमी करायचा. नॉन-ब्लॉकिंग डिस्क्रिप्टर असेल तर ई-अगेनवर पोल करून थांबायचं, लूप नुसता फिरवत ठेवायचा नाही. हे पंधरा-वीस ओळींचं फंक्शन एकदा लिहा, त्याला ‘राइट_ऑल’ म्हणा, आणि सगळीकडे तेच वापरा. निम्म्याहून जास्त वॉर्निंग इथेच संपतात, आणि खरोखर संपतात.

आता चुकीच्या दुरुस्त्या. सगळ्यात फसवी अशी आहे:

इफ (राइट(एफडी, बफ, लेन) < लेन) रिटर्न उणे_एक;

दिसायला निर्दोष. वॉर्निंग जाते, रिव्ह्यूमध्येही सुटते. पण लेन हा साइझ_टी, म्हणजे बिनचिन्हाचा, आणि राइट देतो चिन्ह असलेला एसएसाइझ_टी. तुलना करताना सी भाषा दोन्ही बाजू बिनचिन्हाच्या करते. उणे एकचं रूपांतर त्या प्रकारातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यात होतं, आणि तो लेनपेक्षा लहान कधीच नसतो. म्हणजे थोडे बाइट लिहिले गेले तर ही अट पकडते, पण खरा एरर आला की नेमकी सोडून देते. आधी निदान वॉर्निंग तरी होती, आता तीही नाही. सी मध्ये हा प्रकार -डब्ल्यूसाइन-कंपेअर पकडतो, पण तो -डब्ल्यूऑलमध्ये नाही, -डब्ल्यूएक्स्ट्रामध्ये आहे. सी++ मध्ये मात्र तो -डब्ल्यूऑलमध्येच येतो. व्हॅल्यू आधी एसएसाइझ_टी व्हेरिएबलमध्ये घ्या, शून्यापेक्षा लहान आहे का ते आधी बघा, आणि मगच लेनशी तुलना करा.

दुसरी चूक असर्टची. ‘असर्ट(राइट(एफडी, बफ, लेन) == लेन)’ लिहिलं की वॉर्निंग जाते. पण रिलीज बिल्डमध्ये एनडीबग डिफाइन असेल तर असर्टच्या कंसातलं सगळं नाहीसं होतं, राइटचा कॉलसुद्धा. डिबगमध्ये फाइल लिहिली जाते, ग्राहकाकडे लिहिली जात नाही. असर्टच्या कंसात परिणाम घडवणारा कॉल कधीच ठेवू नये.

सॉकेटवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. समोरच्याने कनेक्शन बंद केल्यावर लिहिलं की डीफॉल्टने सिगपाइप येतो आणि प्रोसेस मरते. सर्व्हरमध्ये आपण तो सिग्नल इग्नोर करतो, आणि तेच योग्य. पण त्या क्षणापासून कनेक्शन गेल्याची बातमी राइटच्या रिटर्न व्हॅल्यूतूनच मिळते. ती बघितली नाही तर सर्व्हर गेलेल्या क्लायंटला लिहीत राहतो.

स्कॅनएफची वॉर्निंग इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात भेटते, आणि बऱ्याचदा ‘तिकडे लक्ष देऊ नका’ एवढंच सांगून पुढे जातात. मला हे पटत नाही, कारण ती दिसते त्याच लॅबमध्ये तिचं कारणही दिसतं. मेनू असलेला प्रोग्रॅम घ्या: एक ते पाच मधला पर्याय निवडा, पर्सेंट डी ने वाचा, चुकीचा असेल तर पुन्हा विचारा. आता आकड्याऐवजी एक अक्षर टाइप करा. स्कॅनएफ शून्य परत देतो आणि ते अक्षर इनपुटमध्येच ठेवतो. पुढच्या फेरीत तेच अक्षर पुन्हा समोर. स्क्रीनवर मेनू धबाधबा छापला जातो आणि कंट्रोल-सी शिवाय थांबत नाही. ‘लूप अनंत का फिरतोय’ या प्रश्नाचं उत्तर त्या न बघितलेल्या शून्यात असतं. इनपुट संपला तर स्कॅनएफ ईओएफ देतो आणि व्हेरिएबलला हातच लावत नाही. ते आधी भरलेलं नसेल तर आत जे काही पडलंय ते वापरलं जातं.

तपासणी सोपी आहे, जेवढ्या गोष्टी मागितल्या तेवढा आकडा परत आला का बघायचं. पण माणसाकडून इनपुट घ्यायचा असेल तर एफगेट्सने पूर्ण ओळ वाचून स्ट्रटॉलने आकडा काढणं जास्त बरं. चुकीची ओळ आपोआप बाजूला होते, आणि पर्सेंट डी मध्ये न मावणारा मोठा आकडा आला तर जे अनिश्चित वर्तन होतं तेही टळतं. एफगेट्सची व्हॅल्यू मात्र बघायचीच. फाइल संपली की ते नल देतं आणि बफरमध्ये आधीची ओळ तशीच राहते. ‘शेवटची ओळ दोनदा का येते’ हा प्रश्न बहुतेक वेळा एफईओएफवर चालवलेल्या लूपमधून आणि न बघितलेल्या एफगेट्समधून आलेला असतो.

स्पर्धा परीक्षेच्या धर्तीवरचं कोडिंग करत असाल, इनपुटचा नमुना ठरलेला असेल आणि कोड सबमिट केल्यावर कुणी पुन्हा उघडणार नसेल, तर फ्रीओपन आणि स्कॅनएफसाठी सरळ ही वॉर्निंग बंद करणारा -डब्ल्यूनो-अनयूज्ड-रिझल्ट लावा. तिथे ते योग्यच आहे.

सिस्टिमची व्हॅल्यू वाचणारेही फसतात. ती कमांडचा एक्झिट कोड नसते, वेट स्टेटस असते. कमांड एक या कोडने संपली तर लिनक्सवर २५६ मिळतात. आता कुणी मेनच्या शेवटी ‘रिटर्न सिस्टिम(कमांड)’ लिहिलं, तर त्या २५६ मधले खालचे आठ बिट तेवढे बाहेर जातात, म्हणजे शून्य. कमांड फसली आणि प्रोग्रॅमने यश कळवलं. वॉर्निंग नाही, कारण व्हॅल्यू ‘वापरली’ गेली आहे. डब्ल्यूआयएफएक्झिटेड आणि डब्ल्यूएक्झिटस्टेटस हे मॅक्रो याचसाठी असतात. शेलच सुरू झाला नाही तर कोड १२७ येतो, आणि नवी प्रोसेसच तयार झाली नाही तर सिस्टिम उणे एक देतं. नाइसचं तर आणखी वेगळं, तिथे उणे एक हे वैध उत्तरही असू शकतं. म्हणून कॉलच्या आधी एररनो शून्य करून नंतर एररनोच बघायचं.

रीअ‍ॅलॉकवरही अशीच खोटी शांतता मिळते. ‘पी = रीअ‍ॅलॉक(पी, आकार)’ या ओळीवर वॉर्निंग नाही, पण मेमरी मिळाली नाही तर पी मध्ये नल येतं, आणि जुना ब्लॉक अजून जिवंत असूनही त्याचा पत्ता आपल्या हातून जातो. नवा पॉइंटर वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, तो नल नाही हे बघा, मगच पी मध्ये ठेवा.

खरोखरच बघायचं नसेल तर

अशी ठिकाणं असतात, आणि ती कोडमध्ये उघडपणे दिसली पाहिजेत. सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सिग्नल हँडलरमधली सेल्फ-पाइप. हँडलर एका नॉन-ब्लॉकिंग पाइपमध्ये एक बाइट लिहितो, मुख्य लूप पोलमधून जागा होतो आणि सिग्नलचं काम करतो. पाइप भरलेली असेल तर राइट ई-अगेन देतो. पण पाइप भरलेली आहे याचाच अर्थ मुख्य लूपसाठी तिथे आधीच बाइट पडलेले आहेत आणि तो जागा होणारच आहे. इथे एररवर करण्यासारखं काहीही नाही, दुर्लक्ष हेच बरोबर उत्तर. (हँडलरमध्ये शिरताना एररनो जपून ठेवा आणि निघताना परत भरा. मुख्य कोड नेमका कुठल्या ओळीवर थांबलाय ते आपल्याला माहीत नसतं.)

दुसरं ठिकाण म्हणजे क्रॅश हँडलर. प्रोग्रॅम पडतोय, जाता जाता स्टडएररवर एक ओळ लिहायची आहे. ती लिहिली गेली नाही तर ते कळवायचं तरी कुठे?

अशा वेळी चालणारे मार्ग थोडे आहेत. ‘(व्हॉइड)!राइट(...)’, म्हणजे व्हॉइडनंतर एक नकाराचं चिन्ह. नकार लावला की जीसीसीच्या दृष्टीने व्हॅल्यू वापरली गेली, आणि नकाराचं उत्तर व्हॉइडने टाकून देता येतं. आकडा आणि पॉइंटर दोन्हींवर चालतं. स्ट्रक्ट परत देणाऱ्या फंक्शनवर चालत नाही. ‘इफ (राइट(...)) {}’ हेही चालतं. मात्र महिरपी कंसाच्या जागी नुसता अर्धविराम टाकलात तर -डब्ल्यूएम्प्टी-बॉडीची नवी वॉर्निंग मिळेल. व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू घेऊन सोडून दिली तर न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग येते, म्हणून पुढच्या ओळीवर त्या व्हेरिएबलला (व्हॉइड) लावावं लागतं. तिथे जीसीसी ते मानतो.

यातलं नकाराचं चिन्ह मी थेट कोडमध्ये पसरू देत नाही. वर्षभराने वाचणाऱ्याला ते टायपो वाटतं आणि कुणीतरी ‘साफसफाई’ करताना काढून टाकतं. त्यापेक्षा नाव असलेलं काहीतरी हवं. जीएनयूच्या ग्नूलिब या लायब्ररीमध्ये इग्नोर_व्हॅल्यू नावाचा मॅक्रो याचसाठी आहे. तो टाइपऑफने तात्पुरतं व्हेरिएबल बनवतो आणि त्याला व्हॉइड लावतो, त्यामुळे स्ट्रक्टवरही चालतो. कोअरयुटिल्समध्ये (कॅट, एको अशा मूलभूत कमांडांच्या संचात) तो वापरात आहे. जीएनयू एक्स्टेन्शन नको असेल तर एक छोटं स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहा, लाँग आकडा घेणारं आणि काहीही न करणारं. आर्ग्युमेंट म्हणून पाठवलेली व्हॅल्यू वापरली गेली असं प्रत्येक कंपायलर मानतो. पॉइंटरसाठी त्याचं वेगळं भावंड लागेल, एवढंच. नाव कुठलंही द्या, पण ते ग्रेप करून शोधता आलं पाहिजे, आणि प्रत्येक वापराच्या शेजारी एक ओळीची कॉमेंट पाहिजे: ‘पाइप भरली असेल तरी मुख्य लूप जागा होतो, म्हणून एरर बघत नाही.’ ही कॉमेंट लिहायला बसलात आणि कारण सुचलं नाही, तर ती व्हॅल्यू तपासायला हवी होती.

तुम्ही स्वतः लायब्ररी लिहीत असाल तर आपल्या फंक्शनांसाठी नोडिस्कार्ड वापरा. सी++ मध्ये ते २०१७ च्या स्टँडर्डपासून आहे, सी मध्ये सी२३ पासून. ते लावलेल्या फंक्शनवर (व्हॉइड) कास्ट जीसीसी आणि क्लँग दोघंही मान्य करतात. सी++२० आणि सी२३ मध्ये नोडिस्कार्डबरोबर कारणाचं वाक्यही देता येतं आणि ते वॉर्निंगमध्ये छापलं जातं. वापरणाऱ्याला नुसतं ‘दुर्लक्ष केलं’ हे कळण्यापेक्षा ‘ही व्हॅल्यू न बघितल्यास लॉक सुटणार नाही’ हे कळणं कितीतरी उपयोगाचं.

कंपायलर गप्प असतो ती ठिकाणं

या वॉर्निंगबद्दल मला सगळ्यात जास्त खटकतं ते तिचं येणं नाही, तिचं न येणं. जीलिबसीमध्ये एफरीडवर हे अ‍ॅट्रिब्यूट आहे, एफराइटवर नाही. डपवर आहे, डप२ वर नाही. प्रिंटएफवर नाही, एफफ्लशवर नाही, क्लोजवर नाही, एफक्लोजवरही नाही. आणि स्टँडर्ड आयओने फाइल लिहिताना डिस्क भरल्याची बातमी बहुतेक वेळा एफक्लोजलाच कळते, कारण तोवर डेटा बफरमध्येच असतो. एफप्रिंटएफने ‘लिहिलं’ म्हटलं त्याचा अर्थ बफरमध्ये ठेवलं.

हे करून बघायला लिनक्सवर /डेव्ह/फुल नावाची फाइल असते. तिच्यावर काहीही लिहा, ‘डिस्कवर जागा नाही’ हाच एरर मिळतो. हॅलो वर्ल्डचा प्रोग्रॅम घ्या, त्याचा आउटपुट /डेव्ह/फुलवर वळवा आणि एक्झिट कोड बघा: शून्य. एकही अक्षर कुठे पोचलं नाही, प्रोग्रॅमच्या मते सगळं ठीक, आणि कंपायलरने चकार शब्द काढलेला नाही. आता कोअरयुटिल्समधली एको किंवा कॅट घेऊन तेच करा (एको शेलच्या आतली नको, पूर्ण पाथ देऊन बाहेरची चालवा). ती ‘राइट एरर’ छापते आणि शून्याहून वेगळा कोड देते, कारण या टूल्स संपताना स्टडआउट बंद करून त्याचा निकाल बघतात. तुमचा प्रोग्रॅम पाइपलाइनमध्ये किंवा क्रॉनमधून चालत असेल तर हे तुमच्याकडेही हवं. शेवटी एफफ्लश करा, त्याचा निकाल आणि एफएररचा निकाल बघा, मग एफक्लोज करा आणि तोही बघा.

नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवर, विशेषतः एनएफएसवर आणि कोटा लावलेल्या खात्यात, राइट यशस्वी होऊन एरर थेट क्लोजला येऊ शकतो. क्लोजची व्हॅल्यू बघायची ती यासाठी. पण लिनक्सवर क्लोज फसलं म्हणून पुन्हा क्लोज करू नका. डिस्क्रिप्टर तोवर मोकळा झालेला असतो, आणि दुसऱ्या थ्रेडने तोच नंबर घेतला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल. डेटा डिस्कवर उतरवायला लावणाऱ्या एफसिंकचंही असंच, एरर आला म्हणून पुन्हा हाक मारून काम भागत नाही. कर्नल एरर एकदा कळवतो आणि न लिहिली गेलेली पानं स्वच्छ समजून पुढे जाऊ शकतो. मग दुसरा एफसिंक यश देतो आणि डेटा गेलेलाच असतो. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसलाही २०१८ मध्ये या वागण्याचा सामना करावा लागला. त्यांनी फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांमध्ये एफसिंक फसल्यावर सर्व्हर थांबवून लॉगवरून रिकव्हरी करायचं धोरण घेतलं. तिथे रिटर्न व्हॅल्यू बघितली जातच होती. बघून पुढे काय करायचं, ते बदलावं लागलं.

दुसऱ्याचा कोड, जुना कोड

तुमच्या रेपोमध्ये उचलून ठेवलेली एखादी जुनी लायब्ररी असेल आणि तिच्यातून शेकडो वॉर्निंग येत असतील, तर तिच्या प्रत्येक ओळीवर इग्नोर चिकटवत बसू नका. पुढच्या वेळी वरून नवी आवृत्ती आणताना सगळं पुन्हा करावं लागेल. त्या डिरेक्टरीपुरताच -डब्ल्यूनो-अनयूज्ड-रिझल्ट लावा. पूर्ण प्रोजेक्टच्या सीफ्लॅग्समध्ये टाकू नका, नाहीतर तुमच्या स्वतःच्या कोडमधला न बघितलेला सेटयूआयडीही त्याच्या आड जाईल. एखाद्याच फंक्शनचा प्रश्न असेल तर जीसीसी डायग्नोस्टिकचे पुश, इग्नोर्ड आणि पॉप हे तीन प्रॅग्मा त्याच्याभोवती लावता येतात. पुश-पॉप जीसीसी ४.६ पासून आहे. पॉप विसरला तर पुढची सगळी फाइल शांत होते, एवढं सांभाळा.

स्वतःचा जुना कोड हळूहळू सुधारायचा असेल तर सीआयमध्ये -डब्ल्यूएररच्या जोडीला -डब्ल्यूनो-एरर=अनयूज्ड-रिझल्ट ठेवा. वॉर्निंग दिसत राहतात, बिल्ड मात्र पडत नाही. मग एकेक फाइल घ्या, सेटयूआयडी आणि सीएचडिरपासून सुरुवात करा, नंतर राइट, मग उरलेलं, आणि साफ झालेल्या फायलींवरची ही सूट काढत जा. जी रिलीज लोकांनी सोर्समधून बांधायची आहे तिच्यात -डब्ल्यूएरर ठेवूच नका. पुढच्या जीलिबसीत आणखी कुठल्या फंक्शनवर हे अ‍ॅट्रिब्यूट लागेल हे आज सांगता येत नाही, आणि त्यामुळे बिल्ड फेल झाला तर तो अशा माणसाच्या मशीनवर होईल ज्याला तुमचा कोड फक्त चालवायचा होता.